सोळा फुटांत तीन रात्री

सदानंदांनी अट घातली ती जेवताना, मी त्यांना भात वाढत असताना. म्हणजे माझे दोन्ही हात गुंतलेले असताना. नॅशनल डेच्या सुट्टीत गाडीमागे ओढायचा आपला ट्रेलर घेऊन खोर फक्कानच्या समुद्रकाठी जायचं आणि तीन रात्री राहायचं. त्या तीन रात्रींत टेक्निशियनला एकही फोन करायचा नाही, आणि काही बिघडलं म्हणून सामान गुंडाळून दुबईला परतायचं नाही. जमलं तर ट्रेलर आपल्याकडे राहील. नाही जमलं तर तो त्यांच्या ऑफिसातल्या अंकुरला विकायचा, कारण अंकुर कधीपासून मागतोय. मी भाताचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, मंजूर.

ट्रेलर मी घेतला होता. माझ्या पगारातून साठवून, माझ्या नावावर. मी एका क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते, लोकांचं रक्त तपासते, आणि गेली नऊ वर्षं पगारातले थोडे पैसे बाजूला टाकत आले होते. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं. लग्नानंतरच्या वीस वर्षांत आम्ही नऊ फ्लॅट बदलले. बर दुबई, करामा, अल नहदा, मग शारजा, मग परत इकडे इंटरनॅशनल सिटीत. एका मालकाला बिल्डिंग पाडायची होती, दुसऱ्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, तिसऱ्याने कारणसुद्धा सांगितलं नाही. प्रत्येक वेळी मी तेच पडदे नव्या खिडकीच्या मापाने कापत गेले. शेवटी पडदे इतके आखूड झाले की फक्त स्वयंपाकघरात लागायचे. ज्या भिंतींतून मला कुणी निघा म्हणू शकणार नाही अशा चार भिंती मला हव्या होत्या. त्या सोळा फुटी आणि चाकांवरच्या मिळाल्या, तर तशा.

आता खरं सांगायचं तर ट्रेलर कंपनीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल होता. ब्रोशरवर नाव मोठं राजेशाही, आणि आत सगळा पत्रा, प्लायवूड आणि स्टिकर. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं सदानंद पहिल्या दिवशीच म्हणाले. दार लावताना कंबरेने ढकलावं लागे. बाथरूमच्या दिव्याचं बटण दाबलं की पाण्याचा पंप सुरू होई, आणि पंपाचं बटण दाबलं की काहीच होत नसे. जेवणाचं टेबल एका पायावर उभं होतं, आणि तो पाय वरणाची वाटी ठेवताच वाकायचा. आमची सान्वी बारावीत आहे. जन्म इथलाच, त्यामुळे आम्ही मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. ती म्हणाली, "आई, इट्स अ लंचबॉक्स विथ व्हील्स." मी म्हटलं, डबा तर डबा, पण आपला आहे.

निघालो त्या दिवशी सकाळी पहिल्याच राउंडअबाउटला मागून धाडधाड आवाज आला. सदानंद थांबायला तयार नव्हते. मी थांबवलं. आत सगळे ड्रॉवर बाहेर आले होते आणि जमिनीवर पोहे, तूरडाळ आणि साखर एकत्र नांदत होती. मी ड्रॉवरना माझ्या दोन ओढण्या आडव्या बांधल्या आणि पुन्हा गाडीत येऊन बसले. मग डोंगरातले बोगदे संपले आणि समुद्र दिसला.

जागा छान होती. अलीकडे वाळू, पलीकडे पाणी, आणि दूर बंदरातल्या कंटेनरच्या क्रेन. आमच्या शेजारी एका अरबी कुटुंबाचा ट्रेलर होता, आमच्या तिप्पट लांबीचा. सदानंदांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या ट्रेलरकडे पाहिलं, आणि खुर्च्या मांडायला घेतल्या.

दुपारी फ्रिज उघडला तर आत बाहेरच्याइतकंच गरम. गॅसवर चालणारा फ्रिज, ज्योत पेटलेली, पण गारवा नाही. दही आंबून फसफसलं होतं. सदानंदांनी लगेच फोन काढला आणि विचारलं, "टेक्निशियनला विचारायचं का?" आवाजात काळजी होती, पण डोळ्यांत आशा होती असं मला वाटलं, आणि माझं डोकं फिरलं. पहिल्या दिवशी, पहिल्या चार तासांत हार मानणारी मी नव्हे. मी म्हटलं, फोन खिशात ठेवा.

संध्याकाळी मी गॅस पेटवला. नव्या घरात पहिल्यांदा चूल पेटवली की दूध उतू जाऊ द्यायचं, ही आमच्याकडची रीत. नऊच्या नऊ फ्लॅटमध्ये मी ती केली होती. दुबईत ज्या भाड्याच्या यार्डात ट्रेलर उभा असायचा तिथे गॅस पेटवायला बंदी, म्हणून इथली राहून गेली होती. वाटेत घेतलेलं ताजं दूध पातेलीत ओतलं, हळदीकुंकू वाहिलं, आणि तिघं हात जोडून उभे राहिलो. दूध वर आलं आणि गेलं उतू. फ्लॅटमध्ये ओट्यावर सांडतं, आपण पुसून घेतो. इथे ते बर्नरमध्ये गेलं, शेगडीखाली गेलं, तिथे जळलं, धूर झाला, आणि छताला लावलेला अलार्म जे ओरडायला लागला ते थांबेना. सोळा फुटांत तीन माणसं टॉवेल हलवत होती. सान्वी खोकत म्हणाली, "हू डज धिस इन अ कॅरॅव्हॅन?" तेवढ्यात दारात शेजारची बाई उभी राहिली, हातात आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन.

तिचं नाव उमैमा. माझ्याच वयाची असेल. तिला हिंदी बरंच समजत होतं, म्हणून मी हिंदीत सांगितलं की आग नाही लागली, पूजा आहे, नया घर है. तिने सांडलेल्या दुधाकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं, सिलिंडर खाली ठेवला, आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "मबरूक." अभिनंदन. गेल्या तीन महिन्यांत या ट्रेलरबद्दल माझं अभिनंदन करणारी ती पहिली. मला एकदम भरून आलं, आणि ते लपवायला मी फडकं घेऊन खाली बसले.

खाली बसले म्हणून दिसलं. सगळं दूध डाव्या भिंतीकडे गेलं होतं. उजवीकडे थेंबही नाही. मी ट्रेलरचं माहितीपुस्तक काढलं. सदानंदांनी ते कधी उघडलं नव्हतं, कारण पुरुषमाणसं पुस्तक न वाचता मशीन समजतात. फ्रिजच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ट्रेलर सपाट उभा नसेल तर फ्रिज थंड होणार नाही. म्हणजे फ्रिज बिघडलाच नव्हता. आम्ही वाकडे उभे होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पितळी ताटात पाणी घेतलं आणि ते ट्रेलरच्या मधोमध जमिनीवर ठेवलं. पाणी डावीकडच्या काठाला टेकलं. उमैमाकडून दोन लाकडी फळ्या मागून आणल्या. सदानंद गाडीत बसले, सान्वी चाकाजवळ, मी दारात ताटावर डोळे लावून. थोडं पुढे, अजून थोडं, परत मागे. तीनदा चाक फळीवरून घसरलं. चौथ्यांदा चढलं, आणि पाणी ताटात सगळीकडून सारखं झालं. मी इथल्या अरबीत ओरडले, "खलास," म्हणजे झालं. बर्नरमध्ये जळलेलं दूध मी सान्वीच्या शिवणाच्या सुईने टोकरून काढलं. त्याला अर्धी सकाळ गेली. दुपारपर्यंत फ्रिजमध्ये बाटलीवर बारीक दव धरलं. मी ती बाटली मुद्दाम सदानंदांच्या गालाला लावली. ते हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

त्याच संध्याकाळी पंप आपोआप गुरगुरायला लागला. नळ सगळे बंद, तरी दर पाच मिनिटांनी गुर्र, थांब, गुर्र. सान्वी म्हणाली, त्याला भूक लागलीय. माझं काम रक्ताचं. नळी कुठे ठिबकतेय ते शोधायची मला सवय. पाणी कुठेतरी जातंय, म्हणून दाब कमी होतोय, म्हणून पंप उठतोय. सिंकखालची सगळी भांडी काढली, पालथी पडले आणि हात घातला. मागच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांधा ओला होता. फॅक्टरीत कुणीतरी रबराची चकती उलटी बसवली होती, आणि डोंगराच्या रस्त्याने तिला पार हलवलं होतं. जागा इतकी अरुंद की डोकं आत गेलं तर हात राहत नव्हता, आणि हात गेला तर दिसत नव्हतं. सदानंद मागून टॉर्च धरून बसले होते. दोनदा चकती हातातून पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ते हळूच म्हणाले, "हेमा, सोड ना. तुला कुणी नावं ठेवणार नाही."

मला संताप आला. वीस वर्षांत या माणसाने मला कधी सोड म्हटलं नव्हतं. मी नोकरी धरली तेव्हा नाही, सान्वी सातवा महिना संपताच जन्मली तेव्हाही नाही. मी आतूनच म्हटलं, टॉर्च धरून राहा. चौथ्यांदा चकती बसली. बोटांची सालं निघाली, पण पंप गप्प झाला, आणि मग आम्ही तिघं वाकड्या टेबलाशी बसून वरणभात जेवलो.

तिसऱ्या दिवशी मी विरजण लावलं होतं ते घट्ट लागलं आणि फ्रिजमध्ये गार झालं. आता राहिली होती एक रात्र, आणि बिघडायला काही शिल्लक उरलं नव्हतं. मी दह्याची वाटी घेऊन सदानंदांना शोधायला बाहेर आले, जिंकल्याच्या थाटात. ते पाण्याजवळ पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते. म्हणत होते, "हो हो, अंकुर, सोमवारी ये, घेऊन जा. ती तयार होईल. मी बघतो."

वाटी माझ्या हातातून पडली नाही. असं काही होत नसतं. मी ती वाळूत नीट ठेवली आणि ते वळेपर्यंत उभी राहिले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे अट वगैरे सगळं नाटक," मी म्हटलं. "शब्द आधीच देऊन ठेवला होता."

त्यांनी नाही म्हटलं नाही. फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "एकतीस डिसेंबरला माझी नोकरी संपतेय, हेमा. प्रोजेक्टच बंद केला. ऑक्टोबरमध्ये लेटर मिळालं."

मला आधी नीट कळलंच नाही. ऑक्टोबर म्हणजे दिवाळी. दिवाळीत हे घरभर आकाशकंदील लावत होते.

"दोन महिने मी रोज ऑफिसला जाऊन अर्ज करतोय. बावन्नाव्या वर्षी कुणी उत्तरसुद्धा देत नाही. जानेवारीत व्हिसा जाईल. माझा आणि सान्वीचा. मग पुण्याला जायचं तर ट्रेलर काय डोक्यावर घेऊन जायचा?" ते थांबले. "मला वाटलं, इथे येऊन तूच कंटाळशील. तूच म्हणशील, विका. म्हणजे मग मला हे सांगावं लागणार नाही."

राग होताच. अजूनही आहे, तो सावकाश काढीन. पण त्याहून जास्त वाईट या गोष्टीचं वाटलं की मी सिंकखाली घामाघूम होत होते तेव्हा हा माणूस माझ्या हरण्याची वाट बघत टॉर्च धरून बसला होता, आणि तरी टॉर्च जराही हलू दिला नव्हता. दोन महिने एकट्याने हे वागवलं, आणि मी त्यांना बाटल्या लावून चिडवत होते. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. नाक पुसलं आणि मग बोलले.

"अकरा वर्षं मी तुमच्या व्हिसावर राहिले," मी म्हटलं. "माझ्या कार्डावर हाउसवाइफ लिहिलेलं होतं. मी कधी लाजले नाही. आता माझा व्हिसा क्लिनिकचा आहे. माझ्या पगारात नवऱ्याला आणि मुलीला त्यावर घेता येतं, आमच्या क्लिनिकमधल्या रंजिताने गेल्या वर्षी घेतलंय. तुम्ही दोघं माझ्या व्हिसावर या. सान्वीची बारावी इथेच होईल. फ्लॅट याहून लहान घेऊ, दहावा. तुम्ही अर्ज करत राहा, उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी माझा पगार आहे, आणि सुट्टीला ट्रेलर घेऊन इथे येऊ."

"मी? बायकोच्या व्हिसावर?"

"का, कुठे दुखतंय?"

सान्वी ट्रेलरच्या दारात येऊन उभी होती. तिने किती ऐकलं होतं ठाऊक नाही, पण कानातले हेडफोन काढून हातात धरले होते. ती पायरी उतरून आली आणि बापाच्या शेजारी उभी राहिली, आणि म्हणाली, मराठीत म्हणाली, "बाबा, आई सांगतेय ते करा ना."

सदानंदांनी डोळे पुसले नाहीत, तसाच फोन लावला. मी बाजूला झाले नाही, आणि त्यांनीही मला जा म्हटलं नाही.

"अंकुर, सॉरी यार," ते म्हणाले. "ट्रेलर नाही विकायचा. माझी चूक झाली. घर तिचं आहे, आणि मी तिला विचारलंच नव्हतं."