भिंतीवरची भरती

सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांचं जेवणावरचं मनच उडालं. ताट समोर आलं की दोन घास चिवडायचे, "बास झालं" म्हणायचे आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. सगळा जन्म फेरीबोटीच्या इंजिनाशी झटलेला धिप्पाड माणूस, पण पार चिपाड झाला होता. सुनेने करून बघायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. शेवटी काल तेच पुटपुटले, तेही भिंतीला सांगावं तसं, "ती खडकावरच्या गोगलगायी करायची."

आली का पंचाईत! सून डोंगराकडची. समुद्र पाहिला तो लग्नानंतर, आणि गोगलगाय म्हणजे तिच्या लेखी परसातली भाजी फस्त करणारी ब्याद. पण म्हातारा माणूस आपण होऊन काही मागतोय म्हटल्यावर नाक मुरडून कसं चालेल?

सकाळी ओहोटीला शेजारच्या शिवणवाल्या मावशी तिला खडकांवर घेऊन गेल्या. "बोट लावून बघ. शंखात शिरून दार लावून घेतलं की जिवंत. बारक्या राहू देत, वाढू दे त्यांना." शेवाळावरून घसरत, आपटत, स्वतःवरच हसत तिने बादली भरली. निघताना मावशींनी बजावलं, "समुद्राच्याच पाण्यात ठेव, वाळू ओकतील. वर ताट झाक आणि ताटावर दगड ठेव. विसरू नकोस."

ती विसरली नाही. बादली बाहेरच्या खोलीत, सासऱ्यांच्या खाटेजवळ खिडकीखाली ठेवली, ताट झाकलं, दगडही उचलला. पण तेवढ्यात तिचा जीव कळवळला. संध्याकाळी शिजायचंच आहे, तोवर बिचाऱ्यांना कोंडून कशाला मारायचं? तिने ताटही काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आडवी झाली. अंग इतकं आंबलं होतं की लगेच डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं खिडकीतून आत आली होती. ती बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. बादलीत नुसतं पाणी. आणि भिंतीवर, खालपासून पार खिडकीपर्यंत, गोगलगायी. आपापलं घर पाठीवर घेऊन सगळ्या वर निघाल्या होत्या. घाई नाही, गोंधळ नाही. मागे ओल्या रेघा उन्हात चकाकत होत्या. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा नव्हे, देवळात येतो तसा.

आणि भिंतीपाशी सासरे उभे होते. स्वतःच्या पायांवर.

"हळू ये," ते कुजबुजले. "पायाखाली बघून."

"बाबा, चुकलंच माझं. दगड ठेवला नाही."

त्यांनी ऐकलंच नाही. "बाहेर बघ. धक्क्याच्या पायऱ्या बुडाल्या असतील आता."

तिने खिडकीतून वाकून पाहिलं. गल्लीच्या टोकाला पाणी पायऱ्या गिळून वर आलं होतं. भरती.

"पण यांना इथे कसं कळलं? कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? अंगातच असतं त्यांच्या. पाणी चढलं की या वर चढणार."

त्यांनी एका ओल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग ते म्हणाले, "आयुष्यभर खाल्ल्या मी. चालताना एकदाही बघितल्या नाहीत. मी बोटीच्या पोटात, आणि घरी आलो की तिचा दगड ताटावर. पक्की होती ती." ते भिंतीच्या आणखी जवळ गेले. "मला वाटलं होतं पोरी, माझं बघायचं सगळं संपलं."

 सुनेने हळूच एक गोगलगाय भिंतीवरून सोडवली. ती शंखात शिरली, दार लावून घेतलं. हिला आता उकळत्या पाण्यात टाकायचं? तिचा हात काही धजेना.

"बाबा, सोडून येऊ का सगळ्या?"

सासऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"अर्ध्या सोड," ते म्हणाले. "अर्ध्या शिजव. मला भूक लागलीय."