इंचभर कमी

शेजारच्या वायरमनने खिडकीसमोर भिंतीचा पाया घातला, तेव्हापासून रफूवाल्या बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. काळ्या कोटाला काळ्या धाग्याने रफू करायचं तर दिव्याचा उजेड कामाचा नाही, खिडकीतला सकाळचा उजेडच लागतो. रफू आणि जोडीला शिवणकाम, त्या उजेडावर बाईंचं पोट होतं. आणि हा बाबा कुंपणाजवळ खोली वाढवत होता!

"आईचे गुडघे गेलेत, ताई. जिना चढवत नाही तिला, म्हणून खाली खोली काढतोय," वायरमन म्हणाला. मग मान खाजवत पुढे म्हणाला, "असं करतो, भिंत फूटभर आत घेतो. पलंग आडवा लावू. तुम्हाला निम्मा तरी उजेड मिळेल."

बाईंच्या नणंदेने मागून त्यांना कोपराने ढोसलं. "वहिनी, देतोय तर पदरात पाडून घे ना."

पण बाईंनी आदल्या दिवशीच कुंपणापासून पायापर्यंतचं अंतर मोजलं होतं. नियम होता तीन फुटांचा आणि भरले होते पस्तीस इंच. इंचभर कमी! म्हणजे पायाच उखडावा लागणार, भिंतीचं नावच नको.

"तुमची मेहरबानी नको मला," बाई कडाडल्या. "काय ते नियमाने होऊ दे." आणि तडक जाऊन तक्रारअर्ज देऊन आल्या.

काम बंद पडलं. वायरमन रोज आईला पाठीवर घेऊन जिना चढायचा. बाईंना खिडकीतून ते दिसायचं आणि त्याचाही रागच यायचा. आपण काय मुद्दाम छळतोय का कुणाला?

आठवड्याने बांधकाम खात्याचे साहेब आले. त्यांनी पोलादी टेप लावली. "तीन फूट. बरोबर आहे."

"बरोबर कसं असेल?" बाईंनी गळ्यातली शिवणकामाची कापडी टेप काढून पुढे केली. "ही बघा!"

साहेबांनी दोन्ही टेपा शेजारी शेजारी धरल्या. बाईंचा पस्तीस त्यांच्या छत्तीसपाशी येत होता. "बाई, तुमची टेप ताणली गेलीय."

बाईंनी टेप उलटसुलट करून पाहिली. बारा वर्षं अंगाचं माप त्याच टेपेने घेतलं, कापडही त्याच टेपेने कापलं. कपडे अंगावर चपखल बसत होते. मग चूक कळणार तरी कशी?

साहेब गेल्यावर त्या कुंपणाशी गेल्या. "दादा, ते फूटभर आत घ्यायचं म्हणत होतात..."

वायरमनने मान वर केली नाही. "आठ दिवस आईला पाठीवर वाहतोय, ताई. गवंडी दुसऱ्या कामावर गेला होता, हातापाया पडून परत आणलाय. आता नियमानेच होऊ दे."

भिंत उभी राहिली. सकाळी अकरा वाजता दिवा लावून बाई कोट घेऊन बसल्या. तीनदा टाका उसवला, चौथ्यांदा सुई बोटात घुसली. संतापून त्यांनी टेप कचऱ्याच्या डब्यात भिरकावली. नणंदेने नवी टेप आणून दिली.

दुपारी एका जुन्या गिऱ्हाइकाचं कापड कापायला घेतलं. बाईंनी मापांची वही उघडली. छाती, कंबर, बाही. पानामागून पान, दोनेकशे माणसांची मापं, सगळी त्याच टेपेची.

बाई उठल्या, डब्यात हात घातला, टेप झटकली आणि पुन्हा गळ्यात अडकवली.