डबीतला स्पीकर

"नळाला हात लावून आलीस?" आत्याने विचारलं.

"आले."

"आणि ही?"

ही म्हणजे माझ्या कडेवरची मणी. वय दीड वर्षं.

"ही कुठे बोर्ड धरणार आहे, आत्या?"

"तुझी मुलगी आहे. काही सांगता येत नाही."

मी परत स्वयंपाकघरात गेले आणि मणीचा तळवा नळाला टेकवून आणला. अंगात साठलेली वीज धातूला हात लावला की उतरते, नाहीतर तिचा एक न दिसणारा चटका नव्याकोऱ्या मदरबोर्डचा जीव घेतो, हे मला वाचता येण्याआधीपासून ठाऊक आहे. माझ्या मैत्रिणींच्या आत्या त्यांना फ्रॉक आणायच्या. माझी आत्या मला स्क्रू द्यायची, उरलेले, एका काचेच्या बाटलीत घालून.

सव्वीस वर्षं आत्या कॉम्प्युटरच्या दुकानात होती. पुढे काउंटर, मागे दोन लोखंडी कपाटांचा आडोसा, आणि आडोशामागे एक लांबलचक टेबल. त्या टेबलावर सुटे भाग यायचे आणि संध्याकाळी मशीन होऊन जायचे. आई नोकरीवर, त्यामुळे शाळा सुटली की मी थेट त्या टेबलाखाली. तिथे खोक्यांतले स्पंजचे तुकडे होते, त्यांवर मी गृहपाठही केला आणि झोपाही काढल्या.

माझी एकच ड्यूटी होती. नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करताना आत्या तिच्या पर्समधून खोकल्याच्या गोळ्यांची एक चपटी पत्र्याची डबी काढायची. डबीत गोळ्या कधीच नव्हत्या. शर्टाच्या बटणाएवढा एक काळा स्पीकर होता, दोन वायरींचा. तो बोर्डवर लावला की बोर्ड बोलतो. एक आखूड आवाज, म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि दोन आखूड, म्हणजे ग्राफिक्स कार्ड नीट बसलेलं नाही. नुसते लांब लांब, म्हणजे मेमरी. आत्या बटण दाबायची आणि टेबलाखाली वाकून विचारायची, "टाचणे, किती?"

मी बारीक होते म्हणून टाचणी. बाळंतपणानंतर ते नाव मला शोभत नाही, पण आत्याने बदललेलं नाही.

"एक!" मी ओरडायचे.

"एक म्हणजे?"

"सगळं ठीक!"

तिलाही ऐकू यायचंच. पण मी सांगितल्याशिवाय ती पुढे जात नसे.

रात्री दुकान बंद करून निघताना ती डबी कानाशी धरून हलवायची. आतून खुळखुळ आलं की "आहे" म्हणायची आणि पर्समध्ये टाकायची. घराची किल्लीसुद्धा तिने इतकी जपली नसेल.

मणीच्या वेळी मला शेवटचे दोन महिने पडून राहायला सांगितलं होतं. आई गुडघ्यांनी हैराण. मी आत्याला फोन केला आणि तिसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन दारात. दुकान सोडलं म्हणाली. "आता कोण बोर्ड बसवतंय? सगळे बंद डबे येतात. बघायचे आणि विकायचे." घरात सगळे म्हणू लागले, भाचीसाठी आत्याने सव्वीस वर्षांची नोकरी सोडली. मीही तेच म्हणत होते, आणि ते माझ्या उरावर बसलं होतं. माझी मुलगी आली आणि तिचं टेबल गेलं. तेव्हापासून ती दिवसभर माझ्याकडे असायची आणि रात्री झोपायला आई-बाबांकडे जायची. दीड वर्षात तिने एकदाही स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नव्हता. शेजारचे फोटोवाले काका मशीन करून द्या म्हणून तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा तिने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मी अजून न बांधलेल्या घरांची चित्रं काढते. भिंती, खिडक्या, खिडकीतून जमिनीवर पडलेलं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर. ऑफिसने घरून काम द्यायचं कबूल केलं होतं, पण माझं जुनं मशीन एका खोलीचं ऊन मांडायला अख्खी सकाळ घ्यायचं. तेवढ्यात मणी दोनदा उठायची. म्हणून नवा बोर्ड, नवा प्रोसेसर. दुकानातून तयार मशीन घेता आलं असतं. पण मी मुद्दाम सुटे भाग आणले आणि आत्याला सांगितलं, मला काही हे जमायचं नाही, आणि मला ते चढवलेलंही हवंय.

चढवणं हा आत्याचा शब्द. कंपनी प्रोसेसरला एक वेग ठरवून देते. त्याच्या अंगात त्याहून थोडं जास्त असतं. ते एकेक पायरीने बाहेर काढायचं, गरम होऊ न देता. आत्याने चढवलेली मशीन वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालायची. लांबलांबून कॉलेजची मुलं यायची तिच्याकडे.

तर आज ती माझ्या जेवणाच्या टेबलासमोर उभी होती आणि बोर्डकडे बघत होती. बघतच होती.

"काय गं?"

"काही नाही. किती सजवतात आता. आमच्या वेळी नुसता हिरवा पाट असायचा."

मग तिने बाह्या वर सारल्या. प्रोसेसर जागेवर ठेवला, ढकलला नाही. तो आपोआप खाली बसला, तसा खटका लावला. वर वाटाण्याएवढी पेस्ट. पंख्याचे चार स्क्रू, समोरासमोरचे आधी, प्रत्येकाला थोडा थोडा पीळ. मग मेमरी, मग ग्राफिक्स कार्ड. हात विसरले नव्हते. मणी खुर्चीला धरून उभी होती आणि एकेका स्क्रूकडे आपला माल असल्यासारखी बघत होती.

शेवटी पर्समधून डबी निघाली. मला एकदम टेबलाखालचा तो स्पंजचा वास आला.

आत्याने स्पीकर लावला, बटण दाबलं. पंखे फिरले. मणीने दचकून मान वळवली. आत्या मणीकडे बघत होती, मग माझ्याकडे.

"टाचणे, किती?"

मी हसले. "एक लांब, दोन आखूड."

"म्हणजे?"

"ग्राफिक्स कार्ड नीट बसलेलं नाही!"

"पास," म्हणून तिने बटण बंद केलं आणि कार्ड काढून पुन्हा दाबून बसवलं. या वेळी एकच आवाज आला. मी ओरडले, मणी टाळ्या पिटू लागली. माझ्या उरावरचं ओझं तेवढ्या वेळापुरतं उतरलं होतं.

दुपारी बोर्ड पत्र्याच्या खोक्यात बसवून, विंडोज वगैरे टाकून झाल्यावर खरं काम सुरू झालं. कंपनीने ठरवलेला वेगाचा आकडा सत्तेचाळीस. आत्याने अठ्ठेचाळीस केला, तपासणीचा प्रोग्राम लावला. तो प्रोसेसरला मुद्दाम दमवतो. एकीकडे पडद्यावर तापमान. नव्वदला स्पीकर वाजेल अशी तिने सोय केली. एकोणपन्नास. पन्नास. पूर्वी ती प्रत्येक पायरीला मशीनच्या पत्र्याला कान लावून बसायची. दूध उतू जाण्याआधी जसा त्याचा आवाज बदलतो तसा पंख्याचा बदलतो, म्हणायची. आज ती तळहात लावत होती. मला वाटलं, कंबर दुखत असेल.

एक्कावन्न झालं. बावन्न लावलं आणि मी मणीला निजवायला आतल्या खोलीत गेले.

मणीचे डोळे मिटत आले होते तेवढ्यात बाहेर स्पीकर वाजायला लागला. टीं टीं टीं टीं. आता आत्या बंद करेल म्हणून मी थांबले. मणी उठून बसली. आवाज थांबेना. मी तिला उचलून बाहेर आले.

आत्या मशीनसमोर ताठ बसली होती. चष्मा काढून पदराने पुसत होती, अगदी सावकाश, एक काच, मग दुसरी. तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर स्पीकर किंचाळत होता.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, चष्मा घातला, पडदा बघितला. सत्त्याण्णव. तिने प्रोग्राम बंद केला. थोड्या वेळाने आवाज थांबला.

"कधीपासून वाजत होता?"

"आत्ताच. आत्ताच सुरू झाला."

"खोटं बोलू नकोस. मी चष्मा काढला तेव्हा ब्याऐंशी होतं."

 तिने तळहात एकदा पत्र्याला लावला आणि मांडीवर ठेवला.

"दुकानातही असंच झालं," ती म्हणाली. "कुणाचं तरी मशीन तपासायला लावलं होतं. पंख्यात वायर अडकली. ते ओरडतंय, ओरडतंय, पुढच्या काउंटरवरची माणसं कानांवर हात ठेवतायत, आणि मी बाजूला बसून बिस्किट खातेय. मालक धावत आले. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी बिलाच्या काउंटरवर माझी खुर्ची मांडलेली."

"ओरडले असते तर बरं झालं असतं."

"हो ना. ते तरी ऐकू आलं असतं."

तिला स्वतःच्या बोलण्याचं हसू आलं, आणि मलाही, मग आम्ही दोघी थांबलो.

"डॉक्टरांना दाखवलंय. बारीक आवाज गेलेत म्हणाले. जाड येतात. तुझ्या बाबाचं घोरणं भिंतीपलीकडून येतं. नको ते बरोबर येतं."

"मग कानाचं मशीन?"

"घेतलंय. कपाटात आहे. त्यातून पंखा पंख्यासारखा येत नाही गं, पत्रा खरवडल्यासारखा येतो."

मणी खाली उतरून माझ्या पायाशी बसली होती. मी विचारलं, "म्हणजे तू माझ्यासाठी दुकान सोडलं नाहीस?"

 "बिलाच्या खुर्चीवर दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला, आत्या, येशील का? मी म्हटलं, येते. कुणीतरी हाक मारली म्हणून उठून जाणं वेगळं." तिने मणीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुम्ही दोघींनी माझी लाज राखलीत. तू उगाच दीड वर्षं मला जास्तीची पोळी वाढतेयस."

 आत्या उठली आणि स्क्रूड्रायव्हर गोळा करू लागली.

"उद्या दुकानात दे हे. ते करतील पुढचं."

 माझी पुढची सगळी कामं त्या मशीनवर होती, पण त्या क्षणी मला मशीनचं काही पडलं नव्हतं. ती आत्ता स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये टाकून गेली असती तर ते पुन्हा कधीच बाहेर निघाले नसते.

"आत्या, पण बावन्नला तापलं का?"

"व्होल्टेज जास्त दिलं मी. घाई केली."

"मग कमी करून बघ ना."

"आणि पुन्हा वाजलं तर?"

"मी आहे की. पूर्वी तू विचारायचीस, मी सांगायचे. आता काय वेगळं आहे?"

"आता मी खरंच विचारणार."

"मग मी खरंच सांगेन."

 ती खुर्ची ओढून बसली, आणि शेजारची खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. मणीला मांडीवर घेऊन मी स्पीकरच्या बाजूला बसले. आत्याने एक्कावन्न केलं, व्होल्टेज केसभर खाली आणलं. तिचे डोळे आकड्यांवर, हात पत्र्यावर. अर्धा तास प्रोग्राम चालला. मध्ये एकदा पंख्याचा सूर वर गेला. मी म्हटलं, "चढला." ती म्हणाली, "किती? दुधासारखा की किटलीसारखा?" मी कान दिला. "दुधासारखा." ती म्हणाली, "मग असू दे." मणी माझ्या कुशीत झोपून गेली. आकडा त्र्याऐंशीवर थांबला तो थांबलाच.

मग तिने पन्नास करून ठेवलं.

"अगं, एक्कावन्न चाललं की!"

"चाललं. पण तुला यावर रोज काम करायचंय. शिडीच्या शेवटच्या पायरीवर कुणी बिऱ्हाड करतं का?"

मी माझी एक खोली त्या मशीनवर लावून बघितली. चहा उकळेपर्यंत जमिनीवर ऊन पडलं. आत्या त्या उन्हाकडे वाकून बघत राहिली, जणू तिथे बसायला जागा शोधत होती.

"फोटोवाल्यांना सांग," निघताना ती म्हणाली, "करून देते म्हणावं. रविवारी. तुला जमेल का यायला? नाहीतर ही आहेच, मान वळवायला." मणीकडे बोट दाखवून तिने चपला घातल्या.

"जमेल."

स्पीकर मी बोर्डवरून काढला, डबीत घातला, झाकण लावून तिच्या हातात दिली. दारात उभं राहून तिने सवयीने डबी कानाशी नेली आणि हलवली. मला खुळखुळ स्पष्ट ऐकू आलं. तिचा हात तसाच राहिला, कानाशी. डबी उघडून बघायला झाकणावर अंगठा गेला, पण तिने उघडली नाही. माझ्याकडे बघितलं.

"आहे," मी म्हटलं.

"आहे," ती म्हणाली आणि डबी पर्समध्ये टाकून जिना उतरू लागली.