नाळ कधी पडली

भावाची मुलगी सून करून आणण्यात गोदाबाईचा फायदा उघड होता. पातूरचं माहेर बाळापुरात तिच्या चुलीपाशी येऊन बसणार होतं. आचल तिला सासूबाई न म्हणता आत्या म्हणणार होती, भाजीत तिखट किती हे शिकवावं लागणार नव्हतं. आणि सगळ्यात मोठा लाभ म्हणजे थोरली जाऊ गंगूबाई हरणार होती. गंगूबाई चारचौघांत म्हणाली होती, की गोदाच्या आईबापाचंही लग्न असंच आते-मामेभावंडांतलं. एकाच वाफ्यातलं बी किती वेळा पेरायचं? शेवंती-वांग्यांवर जगणारं घर, बियाण्यातलं सगळ्यांनाच कळायचं. गोदाबाईने मुलाचं, कुंदनचं लग्न हट्टाने तिथंच लावलं.

वर्षाने मुलगा झाला. नाळ आठवडा-दहा दिवसांत सुकून पडते; याची बाराव्या दिवशीही जशीच्या तशी. बारशाची आमंत्रणं गेलेली. कुंची घालताना गंगूबाईने विचारलंच. गोदाबाई म्हणाली, सातव्या दिवशी पडली. पोटावर फडकं बांधलेलं होतं, आणि आचलला गप्प राहायला तिने आधीच बजावलं होतं. मुलाचं नाव अनुप ठेवलं, सोनाराने कान टोचले. नाळ पडली एकतिसाव्या दिवशी.

गोदाबाईला याचं नवल वाटलं नव्हतं, खोड तिच्या माहेरचीच होती. तिच्या पाठच्या एका भावाची नाळही महिनाभर अशीच राहिलेली. पाचव्या महिन्यात तो गेला. हे घरात कोणी बोलत नसे.

अनुपचा उजवा कान चिघळला. लाल व्हायचा, सडायचा, पण पू म्हणून धरत नव्हता. गंगूबाईने ठरवून टाकलं की आईच अंगानं स्वच्छ नाही, आणि दोन महिन्यांत गल्लीला ते पाठ झालं. गोदाबाईने ते खोडलं नाही. एकदा तर अनुपचं पाणी तापवताना तिनेही आचलला हात पुन्हा धुऊन यायला लावलं, गंगूबाईला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

अकोल्याला डॉक्टर माधवींनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी कितीतरी पट वाढलेल्या, अन् जखम कोरडी. त्यांनी एकच विचारलं, नाळ कधी पडली? गंगूबाई डबा घेऊन शेजारीच उभी. गोदाबाई पुन्हा म्हणाली, सातव्या दिवशी. डॉक्टरांनी मनातला संशय मागे ठेवला आणि दुसऱ्या तपासण्या लिहिल्या. आचलने आत्याकडे पाहिलं, मग फरशीकडे.

नऊ दिवस दुसऱ्याच आजारांचा शोध चालला. कान काळा पडला. नवव्या दिवशी अनुपला ऑक्सिजन लावला, तेव्हा गोदाबाई डॉक्टरांच्या टेबलाशी गेली. गंगूबाईने बाहेर जावं म्हणून ती जराशी थांबली. गंगूबाई कशाला जाते?

"मॅडम, नाळ एकतिसाव्या दिवशी पडली. मले मालूम होतं, मी खोटं बोलली."

"कावून वं, गोदे?" गंगूबाई म्हणाली.

"तुमच्याच तोंडाले भेली, जाऊबाई."

मग नेमकी तपासणी झाली. डॉक्टरांनी समजावलं ते असं: आयटीजीबी-टू नावाचं एक जनुक असतं. त्याच्यावरून जे प्रथिन बनतं, ते पांढऱ्या पेशीच्या अंगावर गोखरूच्या काट्यांसारखं असतं. त्या काट्यांनी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि जंतू असतील तिथं बाहेर उतरते. अनुपच्या पेशींना काटेच नाहीत, म्हणून त्या रक्तातच फिरत राहतात. पू होतो तो याच पेशींचा, आणि नाळ गळायलाही त्याच लागतात. बिघडलेली एक प्रत असली तर माणूस धडधाकट राहतो. अनुपला दोन मिळाल्या, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही पातूरच्या एकाच घरातल्या.

आचलने हळूच विचारलं, "म्हणजे माह्या अस्वच्छपणानं नाही झालं?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बिलकुल नाही."

गंगूबाई डब्याचं झाकण घट्ट करत बसली. बियाण्याचं तिचं बरोबर निघालं होतं, पण त्या दिवशी तेही तिला बोलून दाखवता येईना.

अनुप त्या खेपेला वाचला. अस्थिमज्जा बदलायला मुंबईची तारीख मिळाली आहे, कुंदनची घेणार आहेत. आचल आता गोदाबाईला सासूबाई म्हणते.

गोदाबाईच्या खोट्याचं मोल गोदाबाईला पडलं ते इतकंच: एक वाक्य, जावेसमोर. आचलने दोन महिने गल्लीचं ऐकून घेतलं. बाकीचं अनुपने दिलं, उजवा कान, अर्ध्यापासून खालचा, सोन्याची बाळी होती तेवढा.