दगडावरचा शेतकरी

सिक्स्टेन टोपी हातात घेऊन गडग्यापाशी उभा राहिला तेव्हाच एवर्टला कळलं, बायकोच्या थडग्यावरच्या दगडाचं काम अडलं. चांगली बातमी असती तर हा माणूस गडगा ओलांडून आत आला असता.

एवर्ट बटाटे काढत होता. ऑक्टोबरचा पाऊस चार दिवस पडून गेला होता आणि माती फावड्याला अशी चिकटत होती की दर खेपेला बोटानं खरवडून काढावी लागे. मोसेरिड गावातल्या त्याच्या सात एकरांत बटाट्यापेक्षा दगड जास्त. थंडीत जमीन फुगते, दगड वर येतात, माणसं ते उचलून गडग्यावर टाकतात, पुढच्या वसंतात खालून नवे येतात. त्याची मेहुणी आस्ता मागून टोपली घेऊन वाकत वाकत येत होती. मार्चमध्ये त्याची बायको हिल्दुर गेली तेव्हापासून आस्ताच त्याचं घर बघत होती.

"समितीची बैठक झाली," सिक्स्टेन म्हणाला. चर्चच्या दफनभूमीच्या समितीचा तो अध्यक्ष होता आणि 'समिती' हा शब्द तो नेहमी जरा छाती पुढे काढून उच्चारी. बायकोच्या दगडावर नवऱ्याचंही नाव, तो जिवंत असतानाच, धंद्यासकट कोरायची तिथे रीत होती.

"मंग?"

"दगड बसवायला काय अडचण न्हाई. फकस्त त्या एका शब्दाचं तेवढं बघ."

"कुठल्या शब्दाचं?"

"आता तुला म्हाईत हाय, एवर्टा. 'शेतकरी एवर्ट ब्रूमान आणि त्याची बायको हिल्दुर.' लोकं म्हणत्यात, हे वाचून गावात हसू हुईल."

"कोण लोकं?"

"सगळीच."

एवर्टनं फावडं मातीत रोवलं. "हे काय उपसायलोय मग म्या? मोती?"

"बटाटं तर माझी म्हातारी आई बी लावती परसात. तिला कुणी शेतकरी म्हणतंय का? नुसतं नाव कोर की गड्या. नावाला कोण नको म्हणतंय?"

"नुसतं नाव कोरलं की पुढची जागा रिकामी ऱ्हाती. रिकाम्या जागेत गाव आपलं आपण वाचतंय."

ते काय वाचणार हे तिघांनाही ठाऊक होतं. मोसेरिडमध्ये एवर्टला घोडेकाप्या म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पोरं शाळेच्या भिंतीवर लिहीत आणि मोठी माणसं ते पुसत नसत. म्हातारा झालेला, पाय मोडलेला, कामातून गेलेला घोडा असला की तो मारायला एवर्टला बोलावणं यायचं, आणि गावात ट्रॅक्टर आल्यापासून तर चांगले धडधाकट घोडेसुद्धा त्याच्याकडे येऊ लागले होते. काम झालं की घरची बाई कॉफी आणून देई ती पायरीवर. आत ये, असं एकोणतीस वर्षांत त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

लग्न झालं तेव्हा सात एकरांच्या दगडांवर दोघांचं पोट भरेना, म्हणून त्यानं हे काम धरलं. "दोन वर्षं कर आन् सोड," हिल्दुर म्हणाली होती. दोनाची एकोणतीस झाली. शेवटच्या दुखण्यात तिनं एकच मागणं केलं, की माझ्या उशाच्या दगडावर तो शब्द नको, आपण शेतकरी होतो, तसंच लिहा. एवर्टनं तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. ते हो त्याला मोडवत नव्हतं, आणि शिवाय त्याला खरोखरच वाटत होतं की आपण शेतकरीच आहोत आणि ते दुसरं काम आपल्याला कधीतरी चिकटलं ते निघालं नाही, एवढंच.

"समितीला सांग," तो म्हणाला, "शब्द बदलायचा न्हाई. आन् आजपासनं माझं ते काम बंद. तुमची घोडी तुम्ही मारा."

सिक्स्टेननं टोपी डोक्यावर घातली. "आसं रागानं काय बी बोलू नये," म्हणून तो गेला.

आस्ता टोपली खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली. "दाजी, तुम्ही दोघं एका शब्दापायी कोंबड्यावानी भांडताय. माझ्या बहिणीचं काय लिवलंय त्यात? बायको. तीस वर्सं गाईंच्या धारा काढल्या तिनं. त्याचं काय?"

एवर्टनं रोवलेलं फावडं ओढून काढलं. तो पुन्हा बटाटे काढू लागला.

तीन आठवडे तो कुणाकडे गेला नाही. दोन निरोप आले, दोन्ही त्यानं दारातून परत पाठवले. सकाळी उठून गाईंचं करायचं, ओटचं पीक झोडायचं, कुंपण दुरुस्त करायचं. सगळं शेतकऱ्याचं. पण खरं सांगायचं तर त्याचा ओट दरवर्षी आडवा पडे आणि बटाटे सुपारीएवढे निघत. घरात बसून तो हे बघत होता आणि बघून चिडत होता.

मग एका दुपारी सिक्स्टेन पळत आला. टोपी नव्हती, गुडघ्यापर्यंत चिखल. या खेपेला तो गडगा ओलांडून थेट अंगणात आला.

"एवर्टा, चल. ब्लेंडाचा पाय मोडलाय."

ब्लेंडा ही त्याची जुनी घोडी. वसंतात सिक्स्टेननं ट्रॅक्टर घेतला होता, पण ओल्या चिकणमातीत तो रुतायचा म्हणून खालच्या शिवारात घोडीच चालवत होता. तिथल्या चरात ती घसरली होती.

"जनावरांच्या डाक्टरला बोलीव."

"तो पार तिकडं दुसऱ्या टोकाला गेलाय, सांजंबिगार यायचा न्हाई. तवर ती तशीच पडणार व्हय? हाड भाईर आलंय रे."

"तू कुणाला बोलवायला आलायस?"

"म्हंजी? तुला."

"मला म्हंजी कुणाला? हिथं एक शेतकरी ऱ्हातो. दुसरं कुणी ऱ्हात न्हाई. म्हण, शेतकरी एवर्ट, माझ्या घरी चल. म्हण आन् ह्यो आलोच."

सिक्स्टेननं तोंड उघडलं. म्हणायला काही पैसे पडणार नव्हते, साक्षीदारही नव्हता आस्ताखेरीज. पण तीन पिढ्यांची जमीन असलेल्या माणसाच्या जिभेवरून तो शब्द एवर्टच्या नावापुढे काही केल्या निघेना. 

तेवढ्यात खालच्या शिवारातून घोडीचा आवाज आला. लांब होता, पण ज्यानं तो एकदा ऐकलाय त्याला दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

एवर्ट घरात गेला आणि हत्याराची पत्र्याची पेटी घेऊन बाहेर आला.

"दाजी, त्यानं आजून म्हटलं न्हाई," आस्ता म्हणाली.

"घोडीनं काय केलंय?" एवर्ट म्हणाला आणि चालू लागला.

घोडी चरात कुशीवर पडली होती. डोळे पांढरे झालेले, अंगावरून घामाची वाफ निघत होती, आणि सिक्स्टेनचे दोन गडी दोर घेऊन लांबच उभे होते. एवर्टनं त्यांना दोर खाली टाकायला सांगितलं. तो चिखलात तिच्या डोक्याशी बसला, खिशातून साखरेचा खडा काढून तिच्या ओठाशी धरला आणि तिचं नाव घेतलं. घाई न करता, पुन्हा पुन्हा. मोसेरिडमधल्या प्रत्येक घोड्याचं नाव त्याला माहीत होतं. घोडीचा श्वास उतरला, तिनं मान त्याच्या मांडीवर टाकली आणि साखर चघळू लागली. ती चघळत असतानाच त्यानं तिच्या कपाळावर पेटीतलं गोळीचं हत्यार टेकवून चाप ओढला. तिला काही कळलं नाही.

उठताना एवर्टला स्वतःचाच संताप आला. आयुष्यात एक सरळ नांगरट त्याच्या हातून झाली नव्हती, आणि हे काम मात्र असं व्हायचं की अख्ख्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला जमू नये. जे नको होतं तेच त्याच्या हातात बसलं होतं.

सिक्स्टेन चराच्या काठावर बसून रडत होता. बावीस वर्षांची होती ब्लेंडा. थोड्या वेळानं तो उठला, एवर्टला घेऊन आपल्या घराकडे आला, आत गेला आणि स्वतःच दोन कप कॉफी घेऊन आला. पायरीवर एवर्टच्या शेजारी बसला. दोघं चिखलाचे बूट पुढं करून कॉफी प्याले. दार मागे उघडंच होतं.

"कोर तुला काय कोरायचंय ते," सिक्स्टेन म्हणाला. "समितीचं मी बघतो."

"सगळी हसत्याल त्याचं?"

"हसू देत न्हाई कुणाला."

त्यानं शब्द पाळला. मे महिन्यात दगड बसला. करड्या दगडावर काळी अक्षरं, पाथरवटानं 'शेतकरी' हा शब्द इतरांपेक्षा जरा खोलच कोरला होता. रविवारी प्रार्थनेनंतर लोक येऊन बघून गेले आणि खरंच कुणी हसलं नाही. एवर्टनं पुढचे कित्येक रविवार कोट घासून घातला. हिल्दुरला दिलेला शब्द पुरा झाला, असं म्हणून तो सुखानं झोपू लागला.

पुढल्या शरदात तो बटाटे काढत असताना गडग्यापाशी एक अनोळखी तरुण सायकल धरून उभा राहिला. वरच्या वस्तीवर नव्यानं राहायला आलेला. त्यानं नम्रपणे टोपी काढली.

"काका, शेतकरी तुम्हीच ना?"

एवर्टला इतकं बरं वाटलं की त्यानं फावडं सोडून हात पुसला. "व्हय, मीच. का रं?"

"आमचा घोडा म्हातारा झालाय. उभा ऱ्हाईना. गावात इचारलं तर सगळी म्हणाली, शेतकऱ्याला बोलीव. मला वाटलं, गावात शेतकरी लई असत्याल, कुठला? तर म्हणाली, हिथं एकच हाय."

"कोण म्हणालं?"

"दुकानात म्हणाली. सिक्स्टेन काका बी म्हणालं. शाळंतली पोरं बी म्हणत्यात." मुलगा जरा घाबरला. "माझं काय चुकलं का?"

"न्हाई," एवर्ट म्हणाला. "तुझं काय न्हाई चुकलं."

त्या वर्षी मोसेरिडमध्ये तीन दगड बसले. तिन्ही शेतकऱ्यांचे. दोनांवर 'जमीनमालक' कोरलं होतं आणि तिसऱ्यावर नुसतं नाव; 'शेतकरी' एकावरही नव्हतं.

आस्तानं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "दाजी, कोण आलंय? कुणाला बोलवत्यात?"

एवर्ट पेटी घ्यायला घराकडे आला होता आणि पायरीवर बुटाचा चिखल खरवडत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"शेतकऱ्याला," तो म्हणाला.