पाप ओळखणारी वायर

शिवणखात्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जळक्या कापडाचा वास अजून भिंतींना चिकटलेला, मशिनी कोपऱ्यात सारलेल्या, आणि मधल्या टेबलावर एक स्पीकर. त्याच्यामागे कारखान्याच्या मालकांनी बोलावलेले नादबाबा. गोदामाला आग कोणी लावली हे आता तो स्पीकर सांगणार होता!

"यंत्राला नाती नसतात, यंत्र लाच खात नाही," बाबा डोळे मिटून म्हणाले. "ही मनाची वायर आहे. मन स्वच्छ, तर मौन. मनात पाप, तर नाद!"

मी वहिनीबरोबर आले होते. ती इथे कापड बेतायची. गोदामातल्या विजेच्या तारा उघड्या पडल्यात, म्हणून मालकांच्या मागे तिने भुणभुण लावली होती. आगीनंतर मालक तिच्या नजरेला नजर देईनात. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

एकेक जण पुढे येऊन वायरीच्या टोकाची धातूची पिन मुठीत धरत होता. स्पीकर गप्प. बाबा पिन परत घेत, टेबलाखाली फडक्याने पुसत, पुढच्याच्या हाती देत. इस्त्रीवाला देवाचं नाव घेत आला. स्पीकर गप्पच. "सुटलो बुवा!" म्हणत तो मागे सरला.

वहिनीने पिन धरली मात्र, स्पीकर घुर्रर्र करून असा गरजला की पुढच्या बायका मागच्यांच्या अंगावर गेल्या.

"बघा!" मालक ओरडले. जरा जास्तच लवकर ओरडले, असं मला वाटलं.

"अगं, मी नाही गं काही केलं," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली. तिच्या हातून पिन टेबलावर पडली आणि आवाज थांबला.

मी घरी गाण्यांचं ध्वनिमुद्रण करते, लागणाऱ्या केबल स्वतः बनवते. ती घुरघुर माझ्या चांगल्या ओळखीची. नवशिकी होते तेव्हा माझ्या केबलमधूनही ती यायची. त्यात पाप नसायचं, तारा कथलाने जोडताना चुकलेला टाका असायचा.

बाबांचा हात पोचायच्या आत मी पिन उचलली. घुर्रर्र!

"हीसुद्धा सामील!" कोणीतरी म्हणालं.

"असेन. मालक, आता तुम्ही धरा."

"मी कशाला? गोदाम माझंच जळलंय ना!"

"मग भीती कसली?" इस्त्रीवाला म्हणाला. "आम्ही नाही का धरली?"

मालकांनी दोन बोटांच्या चिमटीत पिन धरली. स्पीकर त्यांच्यावरही तेवढाच खेकसला. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"नाद चळलाय," बाबा घाईघाईने म्हणाले. "शुद्धी करावी लागेल..."

मी टेबलावरचं कापड ओढलं. खाली हुबेहूब तशीच दुसरी वायर लोंबत होती, तीही स्पीकरला जोडलेली. ती वहिनीने धरली, मालकांनी धरली, मी धरली. स्पीकर गप्प. म्हणजे पुसायच्या मिषाने बाबा टेबलाखाली वायर बदलत होते.

मग दोन्ही पिनांची टोपणं फिरवून उघडली. "नीट बघा. वायरीच्या मधोमध बारीक तार असते, ती आवाज नेते. तिच्याभोवती तारांची जाळी असते, ती बाहेरची घुरघुर अडवते. तार जोडायची पिनेच्या टोकाला, जाळी पिनेच्या अंगाला, म्हणजे आपण धरतो तिथे. गप्प राहणारी वायर तशीच आहे. आणि या गरजणारीत? तारच अंगाला जोडलीय, जाळी कापून टाकलीय. भिंतींतल्या विजेची गुणगुण आपल्या सगळ्यांच्या अंगावर कायम असते. हात लावला की ती थेट स्पीकरमध्ये जाते. मग हात चोराचा असो नाहीतर साधूचा."

"चुकून जोडली गेली असेल," मालक पुटपुटले.

"कच्चा टाका मळकट दिसतो, ओढला की सुटतो. हा बघा, कसा चकचकीत आणि पक्का आहे. हे चुकून झालेलं काम नाही."

बाबा बॅग आवरत होते. इस्त्रीवाला दारात आडवा उभा राहिला.

वहिनी मालकांसमोर गेली. "यांना माझं नाव कोणी सांगितलं?"

"चला, कामाला लागा," मालक म्हणाले. पण आता कामगार ऐकेनात. विजेचा तपासनीस बोलवावाच लागला. वहिनी ज्या तारांबद्दल सांगत होती, तिथेच ठिणगी उडाली होती. दोष मालकांवर आला असता, म्हणून हा सगळा खटाटोप!

वाचकहो, कोणी तुमच्यापुढे पाप ओळखणारी वस्तू ठेवली, तर आधी ती आरोप करणाऱ्याच्या हातात द्या. मग उघडून बघा. उघडू देत नसेल, तर तिथे हात जोडू नका, प्रश्न विचारा.