शब्दाची फोड

बेहेरे मास्तरांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, शब्दावर पहिली रेघ मारायला हात नेला आणि तो तिथेच थांबला. शब्दाचे तुकडे आधीच कुणीतरी पाडून ठेवले होते. एक रेघ शाईची, दोन पेन्सिलीच्या, एक नुसत्या नखाची.

समोर अंगणात उकिडवी बसलेली हौसा देवरूखकडच्या खेड्यातून दीड दिवस चालून आली होती. तिचा मुलगा केरू मुंबईची गिरणी सोडून घरी आला तो अंथरुणालाच खिळला. सोबत तिकडच्या डॉक्टरने दिलेला हा कागद, आणि त्यात खाली रेघ ओढलेला एक शब्द: इर्रेमिडिएबल.

रत्नागिरीत मास्तरांची ख्यातीच तशी. इंग्रजी शब्द कितीही लांबलचक असो, फणस फोडावा तसा ते फोडत आणि एकेक गरा पोरांच्या हातावर ठेवत. शब्दाशी लबाडी करायची नाही, हा त्यांचा बाणा.

"किती जणांना दाखवलास गं हा?"

"चौघांस. आता तुमी सांगा."

मास्तरांना कळायचं ते कळलं. चार उंबरठे झिजवून बाई पाचव्या दारी उगाच येत नाही. तिच्या पायांच्या भेगांत तांबडी माती भरली होती.

"हे बघ," त्यांनी शब्दाच्या मधोमध बोट ठेवलं. "हा रेमिडी, म्हणजे उपाय. शेवटचा हा एबल, म्हणजे होण्याजोगा. उपाय होण्याजोगा आजार. उठेल तुझा केरू."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी शब्दाचा तुकडा गाळला होता.

हौसाने हात लांबवून कागदावर बोट टेकवलं, अगदी सुरुवातीला. तिला अक्षरओळख नव्हती, पण बोट बरोबर पडलं.

"ह्यो तुकडा ऱ्हायला, मास्तरांनू. इर्. इर् म्हंजे नाय."

मास्तरांना मान वर करवेना.

"चौघांनी उभ्याउभ्या ह्योच अर्थ सांगितलानी. मला वाटला, चुकले असतील." तिने त्यांच्या हातातून कागद हलकेच काढून घेतला आणि घडी घातली. "तुमास्नी खोटा बोलावा लागला. म्हंजे खराच हाय."

मास्तरांनी पाण्यासाठी आत हाक मारली. पण हौसा उठली होती. केरूला शेजारणीच्या भरवशावर ठेवून ती आली होती, आणि आता तिला घरी पोचायची घाई झाली होती.